हसू पेलणारं पॅड

माझी आत्या नागुबाई प्रीतमच्या लग्नाला येणार नव्हती. कारण काय, तर पत्रिकेत तिचं नाव खालून दुसरं छापलं होतं.

प्रीतम माझा धाकटा भाऊ. आमची आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि मी नुकतीच शाळेत जायला लागले होते. आत्यानं आम्हा दोघांना मुरुडला नेलं, आपल्या लेकरांत मिसळून टाकलं आणि कोण कुणाचं हे पुन्हा कधी बघितलं नाही. मार सगळ्यांना सारखा, भाकरी सगळ्यांना सारखी. त्यामुळे प्रीतमनं सरळ सांगितलं की आत्या नसेल तर तारीख पुढं ढकला. आमचे वडील पंढरी, त्यांना आम्ही दादा म्हणतो, हे थोरल्या बहिणीला जन्मभर भिऊन राहिलेले गृहस्थ. त्यांनी मुकाट्यानं पत्रिका पुन्हा छापल्या. आत्याचं नाव सगळ्यात वर, जाड अक्षरात. त्यावर मुरुडहून निरोप आला की गुडघे दुखायलेत, येणं व्हायचं न्हाई.

इथं मला शंका आली. आमच्याकडं रुसण्याला एक शिस्त आहे. आधी पत्रिकेतल्या नावावरून रुसायचं, मग मानाच्या साडीवरून, मग आपल्या पंगतीला बुंदी उशिरा आली म्हणून. गुडघा या क्रमात कुठंच बसत नाही. शिवाय आत्या म्हणजे काही मागच्या रांगेत बसून अक्षता टाकणारी बाई नव्हे. एके काळी मुरुडपासून उदगीरपर्यंत आमच्या नात्यातलं लग्न तिच्याशिवाय लागत नसे. पंचशील झालं, नवरा-नवरीच्या प्रतिज्ञा झाल्या, पंगत बसली की आत्या मांडी घालून विहिणीची गाणी सुरू करायची. समोरच्या विहिणीच्या सात पिढ्यांची चड्डी उतरवायची आणि विहीण हसून हसून तिच्याच गळ्यात पडायची. मग कधीतरी, काही वर्षांपूर्वी, तिनं हे सगळं बंद केलं. लग्नात जाणं बंद, जयंतीच्या कार्यक्रमात बसणं बंद. लोक म्हणाले, वयानं गांभीर्य आलं. विहारात तर एकदा प्रवचनात तिचं उदाहरण दिलं गेलं, की नागुबाईंनी बघा वाणी कशी आवरली.

मी उठले आणि मुरुडला गेले. गुडघे दुखणारी माझी आत्या पत्र्यावर चढून कुरडया वाळत घालत होती.

"कोण मेलं?" तिनं वरूनच विचारलं.

"कुणी न्हाई. खाली ये."

शिडीवरून ती माझ्याआधी चहाच्या चुलीपाशी पोचली. मी तिला दादांची गंमत सांगायला लागले. छापखान्यात त्यांनी आत्याचं नाव एवढं मोठं करायला लावलं की नवरदेवाच्या नावाला जागाच उरली नाही, आणि आता पत्रिका बघून लोक विचारतायत की नागुबाईंचं लग्न या वयात कुणाशी. आत्यानं पदराचा बोळा तोंडात कोंबला, डोळे मिटले, आणि एकदम उठून घरामागं गेली. परत आली तेव्हा लुगडं बदललेलं होतं.

"आत्या, काय झालं?"

"हसलं की मुतते मी."

"काय?"

"बहिरी हायस का? शिंकलं की होती, खोकलं की होती, हसलं की लई होती. आता पुरं ऐकून घे, म्हंजी पुन्हा इचारायचं काम न्हाई."

मग तिनं सांगितलं. लातूरला एक लग्न होतं. आमच्यात वंदनेला सगळे पांढरं नेसतात, तशी तीही पांढरं लुगडं नेसून बसली होती. गाणं ऐन रंगात आलं, तिला स्वतःच्याच ओळीवर हसू फुटलं, आणि ती उठली तेव्हा मागं बसलेल्या एका कार्ट्यानं मंडपभर ऐकू जाईल असं सांगितलं की आजीनं सू केली. लोक हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. आत्या तशीच चालत बसस्टँडवर आली आणि तेव्हापासून मंडपात बसली नाही.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं की. लातूरला. बाई चांगली हाय. म्हणली, लेकरं लई झाली, वज्जी उचलली, खालून सैल पडलं. व्यायाम दिला. म्हणली, आवळून धरायचं अन् सोडायचं, आवळून धरायचं अन् सोडायचं. मी म्हणलं, बाई, जन्मभर आवळूनच धरलंय, सोडायचं कवा ते सांगा."

मी हसले. ती हसली नाही.

"हसायचंच सोडलं मग," ती म्हणाली. "पहिलं पहिलं लई जड गेलं. आता सवय लागली."

हे ती इतकं सहज बोलली की मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा राग आला ते मला तेव्हा कळलं नाही. ज्या बाईनं आम्हाला उपाशी दिवसांतसुद्धा हसवून झोपवलं, ती आता हसू येऊ नये म्हणून दात आवळून जगत होती आणि आम्ही तिला गंभीर म्हणून कौतुकानं मिरवत होतो. मी तिथल्या तिथं ठरवलं की ही बाई प्रीतमच्या लग्नात मांडी घालून बसेल आणि पोट धरून हसेल. आणि हे मी नाही करायचं तर कुणी करायचं? मी पॅड बनवते.

चाकूरला माझा आणि सत्यमचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचं एक शेड, त्यात एक मशीन, एक पॅकिंगचं टेबल आणि धोंडाबाईच्या हाताखाली काम करणाऱ्या चार बायका. सत्यम नांदेडला टेक्स्टाइलला माझ्या वर्गात होता. मशीन त्याच्या हातात लहान लेकरासारखं गप बसतं, पण माणूस इतका लाजाळू की स्वतः बनवलेल्या मालाला तो 'आयटम' म्हणतो. आमच्या पॅडचं नाव 'कळी'. नाव त्यानंच ठेवलं आणि ठेवताना भिंतीकडं बघत होता.

पॅड कसं बनतं हे लोकांना माहीत नसतं, आणि माहीत नसताना ते सल्ला मात्र देतात. प्रत्येक पाहुणा विचारतो, आपल्याकडं एवढा कापूस पिकतो, तुम्ही लाकडाचा लगदा कशाला आणता? अहो, शेतातला कापूस जन्मतः मेणचट असतो. त्याच्यावर पाणी टाका, थेंब वरच्या वर बसून तुमच्याकडं बघत राहतो. लगद्याचे ताव आम्ही मशीनमध्ये कुटतो, त्याचा पिंजलेल्या कापसासारखा भुसा होतो, त्यात जेलची पावडर मिसळतो, दाबतो आणि पॅडचा गाभा तयार होतो. वरून मऊ पातळ जाळी, खालून पाणी न जाणारा कागद आणि सगळ्यात खाली डिंकाची पट्टी. ही जेल पावडर म्हणजे मोठी नाटकी बाई आहे. साधं पाणी पाजलं की एवढ्याशा चिमटीचा वाटीभर फुगारा होतो. जाहिरातवाले म्हणूनच निळं पाणी ओततात. माणसाच्या अंगातलं खारट पाणी पाजलं की तिची निम्मी मिजास उतरते.

पहिल्यांदा मी सोपा रस्ता धरला. आमचं सगळ्यात लांब पॅड घेतलं, त्यात जेल वाढवली आणि एक पुडकं आत्याला पाठवून दिलं. आठवडाही झाला नाही तोच तिचा फोन आला.

"ये. अन् येताना कुणाला संगं आणू नको. खोबऱ्याचं तेल आण."

मी गेले. आत्या भिंतीला टेकून उभी होती, कारण तिला बसता येत नव्हतं. पॅडची डिंकाची बाजू तिनं स्वतःच्या अंगाला लावली होती. आमचा डिंक चांगला आहे, सत्यमला त्याचा अभिमान आहे. पुढचा अर्धा तास मी त्या डिंकाला आणि आत्या मला ज्या शिव्या घालत होतो त्या कागदावर उतरवण्यासारख्या नाहीत.

"आत्या, ही बाजू कपड्याला लावायची असती."

"कोणत्या कपड्याला?"

"चड्डीला."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग मी तिच्याकडं बघत राहिले. आत्या जन्मभर नऊवारी लुगडं नेसली, कासोटा घालून. तिनं कधी चड्डी घातलीच नव्हती. तिच्या वयाच्या कुठल्याच बाईनं घातली नव्हती.

"मग मी कुठं चिटकवू? भिताडाला?" ती म्हणाली.

चाकूरला परत येताना बसमध्ये मी स्वतःशीच चिडून राहिले होते. दोन शिकलेल्या माणसांनी अख्खा धंदा चड्डीच्या भरवशावर उभा केला होता. ज्या बाईच्या अंगावर चड्डी नाही ती आमच्या हिशेबात बाईच नव्हती. बरं, आत्याला चड्डी घ्यावी म्हणावं, तर तिनं आधीच सांगून टाकलं होतं की आता या वयात चड्डी घालून फिरले तर वरून तुझे मामा हसतील. मामा म्हणजे तिचा नवरा, वारून बरीच वर्षं झाली. त्यांना हसू द्यायला तिची तयारी नव्हती.

सत्यमला हे सगळं सांगणं हा वेगळाच प्रकार होता. मी 'लघवी' म्हटलं की तो पाना उचलायचा, 'कासोटा' म्हटलं की मशीनखाली जायचा. शेवटी मी मशीनखाली वाकून सांगितलं की तुला हा आयटम करता येतो का नाही तेवढं बोल. आतून आवाज आला, "येतो. पण पाळीचा गाभा इथं चालायचा नाही."

तो बरोबर होता. पाळीचं रक्त घट्ट, ते हळूहळू येतं. हसण्याची लघवी कुणाची वाट बघत नाही, एकदम येते, पातळ असते आणि गाभ्यात शिरायच्या आधीच कडेनं वाट काढते. त्यात आत्या मांडी घालून बसणार, म्हणजे पॅड मधे चुरगळणार आणि सगळं मागं जाणार. आम्ही कामाला लागलो. मधला भाग अरुंद केला, म्हणजे मांडीत दबून त्याचा बोळा होत नाही. वरच्या जाळीखाली एक जाड, फोफशी वाकळ घातली, जी आधी सगळं झेलते आणि मग सावकाश खाली सोडते. गाभ्याच्या मधोमध लांब पन्हळ दाबली आणि जेल मागच्या बाजूला वाढवली. डिंकाला रजा दिली. त्याऐवजी दोन्ही टोकांना कापडी फासे लावले आणि त्यातून कमरेला बांधायची नाडी ओवली. वर कासोटा असतोच, तो पॅड जागेवर धरून ठेवायला चड्डीपेक्षा बरा. पाठीला साधं सुती कापड लावलं, म्हणजे लुगड्यावरून घसरत नाही.

आमचं मशीन एकच आकार जाणतं, म्हणून हे सगळं हातानं करायचं होतं. धोंडाबाई टेबलावर गाभे कापायची, मी शिवायची, सत्यम कोमट मिठाचं पाणी करून ठेवायचा. पॅड जमिनीवर, त्यावर तांब्यानं एकदम पाणी, आणि लगेच त्याच्यावर सोयाबीनचं पोतं. पोतं का, तर आत्याचं वजन. पहिली पॅडं कडेनं फुटली, पुढची मागून. गावातला एक शेतकरी सोयाबीन विकत मागायला आला तर धोंडाबाईनं त्याला सांगितलं, "ह्ये पोतं न्हाई, ह्या बाई हायत." तो माणूस बराच वेळ पोत्याला हात न लावता उभा होता.

शेवटी एक पॅड असं झालं की पोतं उचललं आणि खाली फरशी कोरडी. सत्यमनं फरशीवर हात फिरवला, मग गाल टेकवून बघितला. त्या क्षणी त्याला लाज आठवली नाही.

पण पोतं हसत नाही, ही अडचण होतीच. हसताना माणूस हलतो, पोट आत जातं, झटका बसतो. त्यासाठी हसणारी बाई पाहिजे, आणि तीही हीच बाई. मी आत्याला चाकूरला बोलावलं. ती आली, न्हाणीत जाऊन पॅड बांधलं, कासोटा घातला आणि फरशीवर अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर मांडी घालून बसली. चादर पांढरीच पाहिजे असं तिनंच सांगितलं होतं.

"हं. हसवा," ती म्हणाली.

चार बायका आणि धोंडाबाई तिच्याभोवती बसल्या. सत्यमला आम्ही बाहेर पाठवलं होतं. धोंडाबाईनं तिच्या दिराची गोष्ट सांगितली, तो सासऱ्याला घाबरून कडब्याच्या गंजीत लपला आणि म्हशीनं त्याला बाहेर काढलं ती. आम्ही लोळलो. आत्या दगडासारखी बसून होती. दुसरीनं एक जोक सांगितला, जो मी इथं सांगू शकत नाही, कारण त्यात चाकूरचं एक खरं माणूस आहे. आत्या म्हणाली, "ह्यो मीच काढलेला हाय. मागं एका हळदीत." एकेक बाई सांगत गेली आणि आत्या प्रत्येकीला कुठं चुकतेस ते दाखवत गेली, इथं थांबायला पाहिजे होतं, इथं नाव घ्यायला नको होतं. तिला सगळं समजत होतं. नुसतं हसू येत नव्हतं.

"येतच न्हाई गं," ती मला म्हणाली. "वर येतंय अन् तितंच दाबलं जातंय. मी न्हाई दाबत. आपोआप व्हायलंय."

मला वाटलं, संपलं. मी पन्हळी काढल्या, जेल मागं सरकवली, आणि इकडं ज्या गोष्टीसाठी हे सगळं केलं तीच या बाईच्या अंगातून निघून गेली होती. पॅड जिंकलं असतं तरी मी हरले असते. मी तिच्याशेजारी चादरीवर बसले आणि तिचा हात हातात घेतला. तिनं तो काढून घेतला, कारण तिला असलं आवडत नाही.

तेवढ्यात दार उघडलं आणि सत्यम आत आला. बाहेर बसल्या बसल्या त्याला नाडीच्या गाठीची काळजी लागली होती. ती मागं आली तर टेकताना टोचेल, पुढं आली तर वाकताना, म्हणून त्यानं शेवटी एक पॅड स्वतःच्या पॅंटवरून बांधून बघितलं होतं. आणि विचाराच्या नादात तो तसाच आत आला होता. जीन्स, इन केलेला शर्ट, खिशाला पेन आणि त्यावर पांढरंशुभ्र पॅड.

"आत्या," तो अतिशय गंभीरपणे म्हणाला, "गाठ पुढं पाहिजे का बाजूला?"

आत्यानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मांडी घालून दाखवा बरं, साहेब," ती म्हणाली.

त्यानं मांडी घातली.

"टोचतंय का?"

"थोडं टोचतंय. डाव्या बाजूला."

"आता उठा. अन् चार पावलं चाला. वंदनेला जातेत तसं."

तो उठला आणि हात जोडून चालायला लागला. उठताना पुढची गाठ सुटली होती आणि नाडी फक्त मागं पट्ट्याला अडकून राहिली होती. पॅड सरकत सरकत मागं गेलं आणि शेपटासारखं लोंबायला लागलं. भिंतीपाशी जाऊन तो सावकाश वळला, तेव्हा शेपूटही वळलं. तो आत्याला म्हणाला, "आता बरं वाटतंय."

आत्याच्या घशातून आधी एक बारीक आवाज आला, दार करकरतं तसा. मग खांदे हलले. मग ती जी सुटली ती थांबेना. मागं कलली, पुढं वाकली, धोंडाबाईच्या मांडीवर थापा मारल्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, हातानं सत्यमला खूण करतेय की जा, जा इथून, आणि तो बिचारा शेपूट धरून विचारतोय की काय झालं. मी लहान होते तेव्हा ऐकलेलं ते हसू होतं. मी ते पुन्हा ऐकीन असं मला वाटलं नव्हतं, आणि मी सरळ भोकाड पसरलं.

मग एकाएकी आत्या थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला. ती हळूच एका बाजूला कलली आणि तिनं खाली हात घातला. सगळ्या जणी दुसरीकडं बघायला लागल्या. तिनं चादर चाचपली, लुगडं चाचपलं, हात नाकाला लावला, पुन्हा चादर चाचपली.

"कोरडं हाय," ती म्हणाली.

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग सत्यमकडं बघून म्हणाली, "साहेब, पुन्हा एकदा चाला बरं. पक्कं झालेलं बरं."

लग्न उमरीला होतं, नवरीच्या, म्हणजे लुंबिनीच्या माहेरी. आत्या आदल्या दिवशीच येऊन बसली. दादांनी तिला बघून इतकी धावपळ केली की त्यांचं स्वतःचं धोतर दोनदा पायात आलं. सकाळी वंदना झाली. आत्या पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत मांडी घालून होती, पाठ ताठ. प्रीतम आणि लुंबिनीनं हार घातले, प्रतिज्ञा झाल्या, आणि दुपारी कूलरच्या घरघरीत बायकांची पंगत बसली. समोर मुलीकडच्या बायका, त्यातही पुढं सगळ्या म्हाताऱ्या, तशाच पांढऱ्या लुगड्यांत. आत्यानं घसा खाकरला.

"उमरीच्या विहिणीनं शिजविला भात गं शिजविला भात,
मीठ म्हणून टाकले सासऱ्याचे दात."

पहिल्याच ओळीला मंडप उठला. लुंबिनीची आई तोंडावर पदर घेऊन शेजारणीवर कोसळली. आत्या स्वतःही खदखदून हसली, मांडीवर थाप मारून, आणि मी बघत होते, ती हसताना खाली बघत नव्हती. तिनं दुसरी ओळ धरली.

"वऱ्हाडाला वाढली तिनं वरणाची वाटी गं वरणाची वाटी,
वरणात घावली मामंजींची काठी."

आता बायका ताटांवर पडायला लागल्या. तेव्हा लुंबिनीची आजी उठली. पाणी आलं का बघते, म्हणाली. पाण्याचे जग तिच्या समोरच होते. तिच्या मागून दुसरी उठली, लेकरू रडायलंय म्हणून. कुठंच लेकरू रडत नव्हतं. मग आणखी एक, मग आणखी एक. गुडघे जोडून, बारीक पावलं टाकत, हसू ओठांत चावत त्या म्हाताऱ्या मंडपाच्या मागं निघाल्या. लोक त्यांना वाट देत होते. कुणाला त्यात काही वेगळं दिसलं नाही. मलाही आजवर दिसलं नव्हतं. मी शेकडो लग्नांत गेले आहे आणि प्रत्येक लग्नात गाणं रंगात आलं की म्हाताऱ्या उठून जातात. मला वाटायचं, त्यांना हे चावट वाटत असेल.

आत्या ओळीच्या मधेच थांबली.

"आत्या, पुढं म्हणा की," पोरी ओरडल्या.

तिनं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. ती माझ्याकडं वाकली.

"पिशवीत किती हायत?"

"सहा. तुझ्यापुरतीच आणलीत. बदलायला."

"घेऊन जा. बांधायचं कसं ते नीट सांग. डिंक न्हाई म्हणावं, भिऊ नका."

"आणि तुला? तुझं भरत आलं असंल."

"आलंय की," ती म्हणाली. "म्हणून काय झालं? मला हसू दाबता येतंय. मला सवय हाय. त्यांला न्हाई."

मी पिशवी उचलली आणि मंडपाच्या मागं गेले. तिथं पाण्याच्या टाकीच्या आडोशाला त्या सगळ्या उभ्या होत्या, एकमेकींकडं न बघता, आपापलं लुगडं हातात धरून. मी काय सांगितलं आणि कसं सांगितलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की लुंबिनीच्या आजीनं पॅड उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "ह्ये बांधून हसता येतंय?"

मी परत आले तेव्हा मंडपात सगळे ताटकळले होते. पोरी पुढं म्हणा म्हणा करत होत्या, मुलीकडच्यांनी तर आपलं उलट गाणं सुरू करायची तयारी केली होती. आत्या हाताची घडी घालून बसली होती. "त्या येतील, तवर न्हाई," एवढंच ती म्हणत होती. मग एकेक म्हातारी आली. कासोटा नीट करत पुढं येऊन आपल्या जागी मांडी घालून बसली. सगळ्या बसल्यावर आत्यानं गाणं पहिल्या ओळीपासून पुन्हा धरलं.

सासऱ्याचे दात आले आणि लुंबिनीची आजी हसली. बोळकं उघडं टाकून, मागं कलून, हात हवेत. शेजारच्या म्हाताऱ्या एकमेकींना धरून हसल्या. त्यांच्यातली एकही उठली नाही. आत्या एकामागून एक ओळ फेकत गेली, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा वाईट, आणि तिचा स्वतःचा चेहरा अगदी सरळ होता. तिच्या मांडीवरच्या हाताची मूठ मात्र आवळलेली होती, हे फक्त मला दिसत होतं.

दादा बुंदीचं भांडं घेऊन वाढत वाढत आमच्यापर्यंत आले. सगळा मंडप लोळतोय आणि आपली बहीण तेवढी हसत नाही हे बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अक्का, काय झालं? कुणी काय बोललं का?"

"कुणी काय बोललं न्हाई," आत्या म्हणाली. "घरी गेल्यावर हसते. आता काम हाय मला. सरक, त्या म्हातारीचं तोंड दिसंना."

दादा सरकले आणि तिनं पुढची ओळ धरली.